९६ तासांचा पॅरिस पास, सासूबाई आणि अडकित्ता

सगळ्यात आधी सांगून टाकते, पॅरिस म्युझियम पासमध्ये आयफेल टॉवर नाही. सीन नदीतली बोट नाही, मेट्रो नाही, जमिनीखालचे ते हाडांचे कॅटॅकोम्ब्जही नाहीत. हे ऐकल्यावर आमच्याकडे पहिला प्रश्न आला, "मग आहे तरी काय त्यात?" आहे ते पुष्कळ आहे. लूव्र, ओर्से, ऑरांजरी ही म्युझियमं, सेंत शापेल हे चर्च, कमान म्हणजे आर्क द त्रिऑम्फ, पँथिऑन, व्हर्सायचा राजवाडा आणि शहरातली नि शहराबाहेरची मिळून पन्नासच्या वर ठिकाणं. थोडक्यात, ज्याला म्युझियममध्ये पाय ठेवायचा कंटाळा आहे त्याने हा पास घेऊ नये.

आम्ही २०२५ च्या मे महिन्यात गेलो. हे, मी, सोळा वर्षांची लेक आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. एका प्रवास कंपनीने आमच्या गळ्यात बस, बोट, जेवण असं सगळं एकत्र असलेला भलताच महाग पास मारायचा बराच प्रयत्न केला. फोनवरचा मुलगा इतका गोड बोलत होता की हे जवळजवळ हो म्हणणार होते. मी वही घेऊन बसले आणि जिथे जायचंच आहे अशा जागांची तिकिटं मांडली. एकट्या लूव्रचं तिकीट तेव्हा २२ युरो होतं. (जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांना तेच ३२ युरो झालंय, तेव्हा आता हिशेब आणखीनच पासच्या बाजूने झुकेल.) लूव्र, ओर्से, व्हर्साय, सेंत शापेल आणि कमान एवढ्या पाचांतच पास वसूल होत होता.

लेकीला मात्र पास घेतलाच नाही. अठरा वर्षांखालच्यांना यातल्या बहुतेक ठिकाणी तसाही फुकट प्रवेश असतो, मग ते कुठल्याही देशाचे असोत. फक्त वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ लागतो. त्या गोड मुलाने आम्हाला चार माणसांचा भाव दिला होता, हे इथे नमूद करते.

आता मुख्य भानगड. पास हातात असला म्हणजे लूव्रमध्ये घुसता येतं, हा समज काढून टाका. लूव्र, सेंत शापेल, ऑरांजरी, व्हर्साय या ठिकाणी पास असला तरी वेळ आधी राखून ठेवावी लागते. प्रत्येकाच्या वेबसाइटवर जाऊन पासधारक हा पर्याय निवडायचा, तारीख आणि वेळ घ्यायची, पैसे शून्य. लेकीसाठीही तसंच, शून्य युरोचं तिकीट पण वेळेसकट. म्हणून मी आधी चारही ठिकाणच्या वेळा पकडल्या आणि पास त्यानंतर घेतला. पास कधीही मिळतो, सेंत शापेलची सकाळची वेळ मिळत नाही.

दुसरी गोष्ट तासांची. पास ४८, ९६ किंवा १४४ तासांचा असतो आणि तास सुरू होतात पहिल्या ठिकाणी स्कॅन झाल्यापासून. हे कळल्यावर मी वहीत वारच मांडले. लूव्र मंगळवारी बंद. ओर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद. त्यामुळे मंगळवारी लूव्र नाही म्हणून सगळे व्हर्सायला लोटतात, तो दिवस टाळायचा. लूव्र बुधवारी नि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. मग बुधवारी दुपारी लूव्रपासून सुरुवात केली की रविवारी दुपारपर्यंत ९६ तास पुरतात आणि दोन संध्याकाळी वर मिळतात. सकाळी नऊला उत्साहाने पास सुरू केला असता तर रविवारची सकाळ हातची गेली असती.

मेट्रोचंही इथेच उरकते. आठवड्याचा नाविगो पास सोमवार ते रविवार असा चालतो, तुम्ही कधीही घ्या. चालू आठवड्याचा गुरुवारपर्यंतच मिळतो. आम्ही गेलो तेव्हा तो ३१ युरो ६० सेंटना होता, वर कार्डाचे पाच. एकट्या विमानतळाचं एका बाजूचं तिकीट तेव्हा १३ युरो होतं, आणि नाविगोत विमानतळाबरोबर व्हर्सायची गाडीही आली, म्हणजे बुधवारी उतरून रविवारी निघणाऱ्याला परवडतं. कार्डावर छोटा फोटो चिकटवावा लागतो. व्हिसासाठी काढलेले फोटो घरी उरलेच होते, ते कापून लहान केले आणि पाकिटात टाकून नेले. विमानतळावर फोटोसाठी मशीन शोधत फिरणारी मंडळी पाहिली तेव्हा फार बरं वाटलं.

लूव्र. काचेच्या पिरॅमिडपाशी वेळेनुसार रांगा असतात, आमची रांग हलली आणि तपासणी होऊन आत गेलो. तपासणीची रांग कुठलाच पास चुकवत नाही, "रांगेविना प्रवेश" असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ तिकिटाच्या रांगेविना एवढाच घ्यायचा. आत मोनालिसाकडे जाणारे बाण आहेत आणि बाणांबरोबर वाहणारी माणसं. २०२४ मध्ये या म्युझियमला ८७ लाखांच्या आसपास लोक आले, त्यातले बरेचसे त्या एकाच दालनात अजून उभे असावेत असं वाटलं. लेकीने फोटो काढला, आईंनी लांबूनच मान डोलावली. त्याच दालनात मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं काना गावातल्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यात मोठं. त्याच्याकडे सगळ्यांची पाठ. आई मात्र त्या लग्नाकडेच बघत बसल्या. "पंगत बघ केवढी, आणि वाढपी किती!"

आमचे हे वकील. त्यांना मोनालिसाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना बाबिलोनियाचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांचा शिलालेख बघायचा होता. रिशेल्यू विभागात, मेसोपोटेमियाच्या दालनात काळ्या दगडाचा सव्वादोन मीटर उंचीचा खांब उभा आहे आणि आम्ही गेलो तेव्हा त्याच्याभोवती मोजकी माणसं होती. वर हम्मुराबी उभा, तोंडासमोर हात धरलेला, समोर आसनावर शमाश देव. खाली सगळीकडे कीलाक्षरं, इतकी बारीक आणि दाट की आधी नक्षीच वाटते. समोरच्या बाजूला खालचा एक पट्टा मात्र साफ खरवडलेला. हा खांब बाबिलोनियातून लुटून आजच्या इराणमधल्या सूसाला नेणाऱ्या एलामच्या राजाने तिथला मजकूर घासून काढला, बहुधा स्वतःचं नाव कोरायला, आणि मग ते कोरलंच नाही. पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा कायदा आणि त्यात गाळलेली कलमं, यांना एवढं पुरे होतं. एरवी एका ठिकाणी पाच मिनिटं न थांबणारा माणूस त्या खांबाभोवती प्रदक्षिणा घालत राहिला.

त्या रात्री मी सगळ्यांच्या पर्सा पलंगावर रिकाम्या केल्या. सेंत शापेल न्यायालयाच्या आवारात आहे, त्यामुळे तिथली तपासणी कडक असते, कात्री, चाकू, काचेची बाटली काही चालत नाही. आईंच्या पर्समधून अडकित्ता निघाला. विमानात मोठ्या बॅगेतून आला होता, इथे पोचल्यावर गुपचूप पर्समध्ये गेला होता.

"आई, हा इथेच ठेवूया."

"अगं, सुपारी कातरायचा आहे तो, कोणाचा गळा नाही."

शेवटी सुपारी आधीच कातरून डबीत भरली आणि अडकित्ता खोलीवर राहिला. लेक म्हणाली, "आजी, कोर्टात शस्त्र नेलं असतंस तर बाबांनाच तुझी केस घ्यावी लागली असती."

सेंत शापेलला सकाळी पहिल्या वेळेला जावं, एवढा एकच सल्ला मी आग्रहाने देईन. खालचं देऊळ बुटकं, रंगीत, जरा बाजारासारखं, तिथेच दुकान. अरुंद गोल जिन्याने वर आलं की भिंत म्हणून काही उरतच नाही. पंधरा मीटर उंचीच्या पंधरा खिडक्या आणि त्यांत बायबलमधले १,११३ प्रसंग. फ्रान्सचा राजा नववा लुई याने हे १२४८ मध्ये पुरं केलं, येशूचा काटेरी मुकुट ठेवण्यासाठी, आणि त्या मुकुटाला इमारतीपेक्षा जास्त पैसे पडले होते. काचांपैकी दोनतृतीयांश त्याच काळच्या आहेत. सकाळचं ऊन पूर्वेकडून आलं तेव्हा आईंच्या पांढऱ्या साडीवर निळे-जांभळे डाग पडले आणि त्या मुद्दाम दोन पावलं सरकून लाल खिडकीखाली उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या काचा पुसतं कोण?" प्रश्न अगदीच रास्त होता. २०१५ मध्ये संपलेल्या जीर्णोद्धारात काचांवरची काजळी लेसरने काढली, हे तिथल्या फलकावरून वाचून दाखवलं तेव्हाच त्यांचं समाधान झालं.

शेजारीच कॉन्सिएर्जरी, म्हणजे राणी मारी आंत्वानेतला १७९३ मध्ये कोंडलं होतं तो तुरुंग. तिथे आम्ही अर्धा तासही नव्हतो. आणि इथेच मला या पासचं खरं सुख कळलं. वेगळं तिकीट काढून आत गेलो की आमचा स्वभाव असा की पैसे दिलेत तर शेवटच्या खोलीपर्यंत बघायचंच, पाय मोडले तरी. पास असला की आवडलं नाही तर वीस मिनिटांत बाहेर पडता येतं आणि कुणी काही बोलत नाही. पास वसूल करायला जास्तीत जास्त जागा गाठायच्या ही एक पद्धत आहे, तशी करणारी कुटुंबं आम्हाला जागोजागी भेटत होती, मुलं रडकुंडीला आलेली. आम्ही पाच जागांत वसूल झाल्यावर बाकीचं सगळं वरकमाई धरलं. नोत्र दाम कॅथेड्रल तिथून हाकेच्या अंतरावर, त्याला तिकीटच नाही, तेव्हा पासचा प्रश्नच नाही. २०१९ च्या आगीनंतर ते डिसेंबर २०२४ मध्ये उघडलंय, आतला दगड नवाकोरा पांढरा दिसतो. काटेरी मुकुट आता तिथे असतो.

दुपारी झोप काढून संध्याकाळी ओर्से. हे मूळचं रेल्वे स्टेशन, १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट आखूड पडले आणि १९३९ च्या सुमाराला लांबच्या गाड्या इथून बंद झाल्या. पंधरा डब्यांच्या लोकलसाठी फलाट वाढवण्याच्या बातम्या वाचून मोठ्या झालेल्या ठाणेकराला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. पाचव्या मजल्यावर मोठ्या घड्याळाच्या काचेतून पलीकडची टेकडी दिसते, तिथे फोटोची रांग होती. व्हॅन गॉगच्या ऱ्होन नदीवरच्या रात्रीसमोर रांग नव्हती, आम्ही ती पोटभर बघितली.

व्हर्सायबद्दल फार लिहीत नाही. आरशांचा महाल, ३५७ आरसे, पहिल्या महायुद्धानंतरचा १९१९ चा तह, सगळं खरं, पण धक्के खात बघितलं. एक लक्षात ठेवा, एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये बागेत कारंजी किंवा संगीत असतं त्या दिवशी बागेचं तिकीट वेगळं, ते पासमध्ये येत नाही. आम्ही ते काढलं आणि राजवाड्यापेक्षा बागेतच जास्त रमलो.

कमानीला वेळ राखावी लागत नाही. रस्ता ओलांडायचा विचारही करू नका, बारा रस्ते तिथे येऊन मिळतात, खालून भुयार आहे. वर जायला २८४ पायऱ्या. मी नि लेक चढलो, आई खाली थांबल्या. रोज संध्याकाळी साडेसहाला अनामिक सैनिकाच्या कबरीवरची ज्योत नव्याने चेतवतात, १९२३ पासून एक दिवस चुकलेला नाही. आईंचं माहेर साताऱ्याकडचं, घरटी एक फौजी. आम्ही उतरलो तेव्हा त्या छातीवर पदकं लावलेल्या एका म्हाताऱ्या फ्रेंच आजोबांशी हातवाऱ्यांनी बोलत होत्या. काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत.

रविवारी सकाळी पासचे काही तास शिल्लक होते. लेकीला पँथिऑनमधला, पृथ्वी फिरते हे दाखवणारा फुकोचा लंबक बघायचा होता, आईंना बसायला जागा हवी होती. शेवटी हे आणि लेक पँथिऑनला, आणि आम्ही दोघी गिमे म्युझियमला. आशियातल्या मूर्तींचं हे म्युझियम, वेळ राखायची भानगड नाही, गर्दी नाही. कंबोडियाच्या ख्मेर बुद्धांमधून फिरत आम्ही तामिळनाडूच्या अकराव्या शतकातल्या ब्राँझच्या नटराजापाशी आलो. आईंनी चपला काढायला पाय उचलला, मग पहारेकऱ्याकडे बघून तसाच ठेवला आणि हात जोडले. तो काही बोलला नाही. तिथल्या बाकावर बसून आम्ही डबीतली सुपारी मात्र खाल्ली नाही, तेवढी शिस्त आमच्यातही आहे.

पास दुपारी संपला. नाविगो रविवारी मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि विमान रात्रीचं होतं, त्यामुळे विमानतळाचे चौघांचे ५२ युरो वाचले. त्यातून यांनी लूव्रच्या दुकानातून न घेतलेलं हम्मुराबीचं पुस्तक विमानतळावर शोधलं. मिळालं नाही.