केंद्रात ईडब्ल्यूएस, राज्यात एसईबीसी: माझ्या ॲडमिशनचं वर्ष

2024 ला मी बारावीला होते. त्या वर्षी मी दोन प्रवर्गांत होते. केंद्राच्या फॉर्मवर ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल घटक, राज्याच्या फॉर्मवर एसईबीसी म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास. आडनाव तेच, पप्पांचं उत्पन्न तेच. मराठा समाज केंद्राच्या ओबीसी यादीत नाही, त्यामुळे एनआयटीसाठी, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी, आम्ही ओपन किंवा ईडब्ल्यूएस. राज्यात मात्र 20 फेब्रुवारीला विशेष अधिवेशनात मराठा समाजाला एसईबीसीतून दहा टक्के आरक्षण देणारा कायदा मंजूर झाला आणि इथल्या ॲडमिशनला आमचं ईडब्ल्यूएस बंद झालं. पप्पांनी कागदपत्रांची तयारी केली होती ती नेमकी ईडब्ल्यूएसची.

आमच्या घरात कायदा झाला म्हणून पेढे कोणी वाटले नाहीत. त्याचं कारण माझी चुलत बहीण. ती 2020 ला अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात होती. 9 सप्टेंबरला आधीच्या मराठा आरक्षण कायद्याला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली आणि प्रक्रिया आहे तिथे थांबली. नोव्हेंबर संपत आला तेव्हा पुन्हा सुरू झाली, तीही एसईबीसीच्या मुलांना ओपनमध्ये धरून. पुढच्या मेमध्ये तो कायदाच रद्द झाला. त्यामुळे नवीन कायदा आल्यावर काकूंचं पहिलं वाक्य होतं, "दोन्ही कागद काढून ठेवा."

पप्पा वाशी मार्केटला माथाडी आहेत. कोपरखैरण्यात आमच्या बाजूला निम्मी घरं साताऱ्याकडची, पाटण, जावळी, कोरेगावची. अण्णासाहेब पाटलांनी 1982 च्या मार्चमध्ये मराठा आरक्षणासाठी मोर्चा काढला तेव्हापासून हा विषय इथल्या घराघरांत आहे. 2018 च्या जुलैतला बंद मी सातवीत असताना पाहिला. दगडफेक, खाली पोलीस आणि नेट बंद.

2024 च्या जानेवारीत मनोज जरांगे पाटलांचा मराठा आरक्षणाचा मोर्चा वाशीत आला. 26 तारखेला एपीएमसीत मुक्काम होता आणि 27 ला माझी जेईई मेन, म्हणजे एनआयटीची प्रवेश परीक्षा होती, सकाळची शिफ्ट, सेंटर नेरूळकडे. पप्पा रात्रभर मार्केटमध्ये जेवणाच्या पंगतीला वाढत होते. सायन-पनवेल रस्त्याचं काही खरं नाही, असं त्यांनीच फोनवर सांगितलं, म्हणून मी आणि मम्मी उजाडायच्या आत पनवेल लोकलला गेलो. डब्यात भगवी उपरणी घातलेल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. एका आजींनी सरकून मला जागा दिली.

"एवढ्या पहाटं कुठं निघालीस गं?"

"पेपर आहे, आजी."

"दे बाई, झ्याक दे. तुमच्यासाठीच तर आलोय."

त्या परीक्षेला एसईबीसी चालत नाही, हे मी आजींना सांगत बसले नाही. पेपर देऊन बाहेर आले तर मम्मीच्या मोबाइलवर गुलालाचे व्हिडिओ. कुणबी नोंद असलेल्यांच्या सगेसोयऱ्यांनाही कुणबी दाखला देण्याच्या अधिसूचनेचा मसुदा मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंनी वाशीतच जरांगेंच्या हातात दिला होता. आमच्या ग्रुपवर दिवसभर एकच चर्चा, आता सगळे कुणबी, म्हणजे ओबीसी होणार. नानांनी म्हणजे माझ्या चुलत्यांनी गावी जाऊन जुन्या दप्तरात कुणबी नोंद शोधलीही. मोडी वाचणाऱ्याला गाठून गाव नमुना 14 ची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, पानं वाचून घेतली. आमच्या घराण्याची नोंद काही निघाली नाही. मसुदा मसुदाच राहिला. आम्ही एसईबीसीच्या मागे लागलो.

खरी गंमत पुढे. जोसासाठी, म्हणजे एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशासाठी, ईडब्ल्यूएसचा दाखला 1 एप्रिल 2024 पासूनचाच लागत होता, म्हणजे नवाच काढायचा. आणि एप्रिल-मे म्हणजे लोकसभेची निवडणूक. साताऱ्याचं मतदान 7 मेला, ठाण्याचं 20 मेला. ईडब्ल्यूएस इथून काढायचं होतं आणि जातीचा दाखला गावाकडून, कारण 1967 च्या आधीचं वास्तव्य तिकडचं. दोन्हीकडे एकच उत्तर, साहेब इलेक्शन ड्युटीवर आहेत. टेबलं होती, टेबलामागे माणूस नव्हता. कर्मचाऱ्यांना तरी काय बोलणार, त्यांनाही उन्हात मतदान यंत्रं उचलायला लावलेली. पण सीईटी सेलच्या (राज्याचे प्रवेश तेच बघतात) आणि जोसाच्या तारखा ज्यांनी लावल्या त्यांना निवडणूक आहे हे ठाऊक नव्हतं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आजही पडतो.

जातीचा पुरावा म्हणजे आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा. आजोबा नंतर मशीद बंदरला ओझी उचलायला आले, पण शिकले गावच्या शाळेत, चौथीपर्यंत. उतारा मिळाला. जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'हिंदू मराठा'. नावाच्या रकान्यात मात्र 'पांडू'. बाकी सातबारा, रेशनकार्ड, पप्पांचा दाखला, सगळीकडे 'पांडुरंग'. खिडकीतल्या बाईंनी पेन्सिलने 'पांडू'भोवती गोल केला आणि फाईल परत दिली. मग पांडू आणि पांडुरंग ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत पोलीस पाटलांचा दाखला. नाना म्हणाले, "म्हातारा असता तर त्यालाच आणून उभा केला असता."

पुढे नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला आला, फारसा त्रास न होता. व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरला, वंशावळीचं शपथपत्र जोडलं आणि हार्ड कॉपी साताऱ्याच्या समितीकडे नेऊन दिली. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्मला तेव्हा फक्त या अर्जाची पावती होती. वैधता प्रमाणपत्र जमा करायला सरकारने सहा महिन्यांची मुदत दिली नसती तर माझी सीट ओपनला गेली असती. हे मी सरकारचे आभार म्हणून लिहीत नाही. कायदा फेब्रुवारीत आणला, ॲडमिशन जुलैत, तर मुदतीचा निर्णय फेब्रुवारीतच घेता आला असता. माझ्या क्लासमधल्या एका मुलाने पावती मिळेल की नाही या धास्तीने ओपनमधून फॉर्म भरला. त्याला माझ्यापेक्षा जास्त पर्सेंटाइल होते.

जोसात काही लागलं नाही. कॅपमध्ये दुसऱ्या राउंडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं, रोज लोकलने जाता येईल असं कॉलेज.

एक निर्णय मात्र वेळेवर आला. 8 जुलैला जीआर (शासन निर्णय) निघाला, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. कॉलेजच्या काउंटरवर "आधी भरा, महाडीबीटीचे पैसे आले की परत देऊ" असं ऐकवलं गेलंच. महाडीबीटी म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल. पप्पांनी जीआरची प्रिंट पुढे केली. काउंटरवरच्याने ती आत नेली, बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि फक्त डेव्हलपमेंट आणि इतर फी भरून घेतली. पप्पा तसे कुणाशी वाद घालणाऱ्यातले नाहीत. त्या दिवशी ते खुर्चीवरून हलले नाहीत एवढंच. तुम्हाला असं कोणी सांगितलं तर जीआर मोबाइलमध्ये दाखवू नका, कागदावर न्या. मोबाइल कोणी हातात घेत नाही.

व्हॅलिडिटी हिवाळ्यात ई-मेलवर आली. नवीन कायद्याचं प्रकरण मुंबई हायकोर्टात असल्याने प्रवेश अंतिम निकालाच्या अधीन, हे वाक्य मात्र डोक्यावर आहेच. काकूंना ते वाक्य पाठ आहे.

धाकटा भाऊ आता दहावीला आहे. सख्ख्या बहिणीची व्हॅलिडिटी असली की समितीसमोर तो मोठा पुरावा असतो, म्हणून बारावीची वाट न बघता त्याचे कागद आत्ताच काढायला घेतलेत. 'पांडू'च्या प्रतिज्ञापत्राच्या जादा प्रती मी तेव्हाच करून ठेवल्या होत्या.