मेथी, काकवी आणि नाशिकचं मेपल सिरप: आमची वाटचाल

आमच्या बाटलीवर ‘मेपल फ्लेवर्ड सिरप’ असं छापलेलं आहे आणि त्यातला ‘फ्लेवर्ड’ हा शब्द ‘मेपल’इतक्याच मोठ्या अक्षरात आहे. आतला पाक उसाच्या साखरेचा आणि काकवीचा. मेपलच्या झाडाचा एक थेंबही त्यात नाही. हे गिऱ्हाइकाला बाटली हातात घेताक्षणी कळलं पाहिजे, असं मला आणि माझ्या जाऊबाईंना पहिल्या लेबलापासून वाटत आलं आहे. छपाईवाल्याने तो शब्द बारीक करून खालच्या ओळीत घ्यायला सुचवलं होतं. आम्ही घेतला नाही.

खऱ्या मेपल सिरपबद्दल आम्हाला फार आदर आहे. हिवाळा सरता सरता, रात्री गोठण आणि दिवसा ऊब अशी हवा पडली की शुगर मेपलच्या खोडातून रस वाहू लागतो. त्यात साखर जेमतेम 2 टक्के. एक लिटर सिरपसाठी साधारण 40 लिटर रस आटवावा लागतो. जगातलं जवळपास 70 टक्के सिरप एकट्या कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातून येतं. म्हणून ते महाग असतं आणि महाग असणं रास्तच आहे. निफाडचा पारा थंडीत कितीही खाली गेला तरी आपल्याकडे ते होणार नाही. अमेरिकेतही ते सगळ्यांना परवडत नव्हतंच. मिनेसोटात 1887 साली निघालेलं ‘लॉग केबिन’ हे सिरप मेपल आणि उसाच्या साखरेच्या मिश्रणाचं होतं. म्हणजे पॅनकेकवर परवडणारा पाक ओतायची सोय तिकडच्या लोकांनीच आधी करून ठेवली आहे.

आमची सुरुवात मोरावळ्याने झाली. इंदिरानगरच्या घरात सासूबाईंच्या हाताखाली आम्ही दोघी मोरावळा आणि आल्याचा पाक करायचो, ओळखीत विकायचो. गंगापूर रोडवरच्या द्राक्षमळ्यांकडे पर्यटक येऊ लागले, कॉलेज रोडला कॅफे झाले, आणि अशाच एका कॅफेच्या मालकीणबाईंनी विचारलं, की तुमचा पाक महिनोन्‌महिने टिकतो, तर पॅनकेकसाठी काही कराल का? बाहेरून येणाऱ्या बाटल्या त्यांना परवडत नव्हत्या, आणि कधी येतील याचा भरवसाही नव्हता.

वासाचा प्रश्न आधी सुटला, आणि तो स्वयंपाकघरातच सुटला. मेथीदाण्यात सोटोलॉन नावाचं सुगंधी द्रव्य असतं. मेपलसारखा वास त्याच्यामुळे येतो, म्हणून नकली मेपलच्या फ्लेवरमध्ये मेथीचा अर्क वापरतात. न्यूयॉर्क शहरात 2005 पासून अधूनमधून मेपल सिरपचा वास पसरायचा आणि लोक धास्तावून तक्रारी करायचे. 2009 साली उलगडा झाला की तो न्यू जर्सीतल्या एका कारखान्यातून येत होता, आणि तिथे मेथीदाण्यावर प्रक्रिया चालायची. हे वाचलं तेव्हा सासूबाईंना मुळीच नवल वाटलं नाही. बाळंतिणीसाठी मेथीचे लाडू केलेल्या घराला तो गोडूस वास ठाऊकच असतो. आम्ही मेथी मंद आचेवर तांबूस भाजतो, मलमलच्या पुरचुंडीत बांधतो आणि गरम पाकात थोडाच वेळ ठेवतो. जास्त राहिली की वासाआधी कडवटपणा उतरतो. तेवढ्याने पूर्ण मेपल होत नाही. खाद्य दर्जाचा तयार फ्लेवर वरून लागतोच आणि तो आम्ही लेबलवर लिहितो. पण मेथीने त्या फ्लेवरला खाली एक बैठक मिळते, आणि काकवीने रंग आणि थोडा खरपूस गोडवा.

खरं काम पाकात आहे. सिरप म्हणजे अखेर पाकच, आणि पाक टिकवायची विद्या आपल्याकडे घरोघरी होती. आपल्या आज्या तार बघायच्या. एकतारी कच्चा राहिला तर मोरावळ्याला बुरशी, पुढे गेला तर बरणीत साखरेचे खडे. या दोन टोकांच्या मधली जागा किती अरुंद आहे, ते सिरप करताना कळतं. 20 अंश तापमानाला पाण्यात साखर विरघळून विरघळून सुमारे 67 टक्के विरघळते, 0 अंशाला सुमारे 64. आता पाक टिकायचा तर साखर 65 ते 67 टक्के हवी, कारण त्याखाली यीस्ट आणि बुरशीला पुरेसं पाणी मिळू लागतं. पण तोच 67 टक्क्यांचा पाक फ्रिजमध्ये ठेवला की जादा झालेली साखर तळाशी बसते. टिकवायचं म्हणून दाट करा तर साखरतो, साखरू नये म्हणून पातळ करा तर आंबतो.

यातून वाट काढायची ती जुनीच, हलवायाची. पाकात लिंबू पिळायचं. आंबटाबरोबर उकळताना साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, आणि वेगवेगळ्या जातीची साखर एकत्र असली की स्फटिक सहज बांधला जात नाही. काकवीत हे ग्लुकोज-फ्रुक्टोज मुळातच असतं, त्यामुळे ती रंगापुरती नाही, तिचं दुसरं काम मोठं आहे. आम्ही थोडं लिक्विड ग्लुकोजही घालतो. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं ते. आणि एकदा उकळी फुटली की पाकात डाव घालायचा नाही. कढईच्या कडेला चिकटलेला एक कोरडा कण आत पडला तर थंड झाल्यावर त्याच्याभोवती सगळी साखर गोळा होते. म्हणून ओल्या ब्रशने कडा खाली पुसत राहायच्या. मळी मात्र झाऱ्याने नीट काढायची, काकवी घातली की ती बरीच येते.

पाक झाला हे ओळखायला आमच्याकडे आता रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातली साखर मोजणारं मीटर आहे. ही गोष्ट नाशिकमध्ये कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडचे बागाईतदार द्राक्षाची गोडी त्यानेच बघतात आणि ‘ब्रिक्स किती आला’, म्हणजे साखर किती टक्के, हा प्रश्न तिथे हवापाण्याइतका रोजचा आहे. माझ्या माहेरी बाग आहे, म्हणून भावाचं मीटर मागून आणलं होतं. पण द्राक्षाचं मीटर बहुधा 32 ब्रिक्सपर्यंतच मोजतं. सिरपसाठी वरच्या टप्प्याचं वेगळं घ्यावं लागतं, आणि पाकाचा थेंब निववून मगच बघावा लागतो.

मीटर नसेल तर थर्मामीटर चालतो, पण त्यात एक गोष्ट जपायला हवी. परदेशी कृतींमध्ये पाक 104 अंशांपर्यंत न्या असं लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं माप. नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. इथे 104 गाठेपर्यंत पाक फार दाट झालेला असतो. आधी नुसतं पाणी उकळून आपल्या थर्मामीटरवर आकडा बघायचा आणि पाक त्याच्या 4 अंश वर उतरवायचा. हे आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी शिकवतो.

घरी करणाऱ्यांनी आमच्याकडून विकतच घ्यावं असा आमचा आग्रह कधीच नव्हता. कृती विचारली की सांगतो. 900 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम काकवी, 600 मिलीलिटर पाणी, लिंबाचा चमचाभर रस, चिमूटभर मीठ. उकळायचं, मळी काढायची, वर सांगितल्याप्रमाणे पाण्याच्या उकळीच्या आकड्यापेक्षा 4 अंश वर उतरवायचं. भाजलेल्या मेथीची पुरचुंडी गॅस बंद केल्यावर घालायची आणि थोड्याच वेळात काढून टाकायची. फ्लेवर सगळ्यात शेवटी, कारण उकळत्या पाकात घातला तर वास घरभर होतो आणि बाटलीत काही उरत नाही. बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यात 10 मिनिटं ठेवलेल्या, आणि भरताना गरमच, नाहीतर तडकतात. पाक 85 अंशांच्या वर असतानाच भरायचा, झाकण लावायचं आणि बाटली दोन-तीन मिनिटं आडवी करायची, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत हे जमत नाही, ती आक्रसते.

भरताना पाक निवल्यावर झाकण लावू नका असं विचारणाऱ्यांना नेहमी सांगते, आणि त्याच दमात बाटली अर्धवट भरू नका असंही. अर्धवट भरलेल्या बाटलीत वाफ झाकणाला लागून तिचे थेंब पाकावर पडतात. तेवढ्या वरच्या थरात साखर पातळ होते आणि बुरशी तिथेच धरते, खालचा सगळा पाक उत्तम असला तरी. म्हणून बाटली काठोकाठ भरायची, आणि लहान बाटल्या वापरायच्या. उघडल्यावर फ्रिज. ओला चमचा नाही. घरच्या सिरपला दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नये असं मी सांगते. वर पांढरा किंवा हिरवट डाग दिसला, किंवा उघडताना फसकन आवाज आला, तर सगळी बाटली फेकायची. डाग काढून उरलेलं वापरायचं नाही.

प्रिझर्व्हेटिव्ह घाला, सोपं होईल, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. कायद्याने मर्यादेत परवानगी आहे आणि घालणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण सोडियम बेंझोएट आंबट पदार्थातच नीट काम करतं. आमचा पाक तितका आंबट नाही, आणि तो तितका आंबट केला तर पॅनकेकवर कोण ओतेल? आम्ही ब्रिक्स, गरम भरणी आणि स्वच्छता या तिन्हींवरच उभे राहिलो. बंद बाटलीची मुदत प्रयोगशाळेतून तपासून घेतली आहे आणि तितकीच लेबलवर लिहिली आहे.

धंद्याचं बाकीचं सांगण्यासारखं थोडं आहे. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी पहिल्या बाटलीच्या आधी काढली, तो 14 आकडी क्रमांक आणि हिरवा ठिपका लेबलवर आला तेव्हा सासूबाईंनी बाटली देवापुढे ठेवली होती. 2020 च्या टाळेबंदीत कॅफे बंद झाले आणि कॅफेंसाठीचे मोठे कॅन पडून राहिले. त्याच वेळी घरोघरी लोक केक-पॅनकेक करू लागले होते. आम्ही तोच माल लहान बाटल्यांत सोसायट्यांमधून दिला, आणि घरगुती गिऱ्हाईक तेव्हापासून जोडलं गेलं ते अजून आहे. देवळालीहून लष्करातल्या कुटुंबांच्या मागण्या येतात, बदली झाली की ती दुसऱ्या गावाहून मागवतात. पुढे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेतून कर्ज आणि अनुदान मिळालं, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत छोटा गाळा घेतला, वाफेवर चालणारी दुहेरी तळाची कढई आली. गॅसवर तळाला लागायची भीती असायची, ती गेली.

पॅनकेकपुरतं हे राहील असं आम्हाला वाटलं होतं. लोक ते घावनावर घालतात, तांदळाच्या धिरड्यावर घालतात, थंड दुधात घालतात. पंचवटीतल्या एक आजी ते शिळ्या पोळीच्या लाडवात गुळाऐवजी वापरतात. मी करून बघितला, लाडू मऊ राहतो आणि छान लागतो.

सध्या नुसत्या काकवीवर, साखर न घालता, एक सिरप बसवायचं चाललं आहे. गुऱ्हाळागणिक काकवीचा दाटपणा आणि आंबटपणा बदलतो, त्यामुळे एका घाण्याचं गणित दुसऱ्याला लागत नाही. कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळवाल्यांशी बोलणं झालं आहे. या हंगामात ते एकाच फडातल्या उसाची काकवी वेगळी काढून देणार आहेत. आणि आमची बाटली कुणाकडे थंडीत साखरली असेल तर टाकू नका. झाकण सैल करा, बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, पाणी हळूहळू तापवत खडे पूर्ण विरघळू द्या, आणि वापरातल्या बाटलीत वाफेचे थेंब पाकावर पडू नयेत म्हणून इथे मात्र निवल्यावरच झाकण घट्ट लावा.