लाकडी घर, डोंगरउतार आणि 25 मिलिमीटर

मुळशीकडच्या उतारावर लाकडी वीकएंड घर काढायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं की डोकं खाईल ते लाकूड. प्रत्यक्षात खाल्लं ते उताराच्या नकाशाने. सातबारा, फेरफार, झोन दाखला या गोष्टी रांगेत उभं राहिलं की मिळतात, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

गाठ बसली ती 1:5 ला, म्हणजे 5 मीटर आडव्या अंतरात 1 मीटर चढ. यापेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही. मी नकाशा दिला तो दर 5 मीटर उंचीला एक अशा समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या). तीनदा परत आला, तिन्ही वेळा शेरा तोच: "उतार तपासून सादर करावा." म्हणजे काय करावं, हे सांगायला टेबलावर कुणी नाही! शेवटी पट्टी घेऊन बसलो तेव्हा घोळ कळला. घराच्या जागेवर दोन रेषांमधलं आडवं अंतर 20 मीटर, म्हणजे 5 मीटरचा चढ 20 मीटरमध्ये. उतार 1:4, सगळी जागा बाद.

पण डोंगर असा एकसारखा उतरत नाही, मध्ये पायऱ्या असतात. टोटल स्टेशन या कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने दर 5 मीटरवर पातळ्या घेऊन 1 मीटरच्या रेषा काढल्या, तर त्याच 20 मीटरमध्ये 12 मीटरचा पट्टा 1:6 निघाला. वरच्या 8 मीटरमध्ये 3 मीटरचा कडा, बाद होता तो तेवढाच. 1:200 च्या नकाशावर तपासणं सोपं आहे: 1 मीटरच्या दोन रेषा 25 मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या की तिथे घर नाही. तो भाग रंगवूनच द्या. माझा चौथा नकाशा असा गेला आणि पंधरा मिनिटांत पुढे सरकला. आधीचे महिने कुणाच्या खात्यावर मांडायचे?

टेप जमिनीवर टाकून मोजू नका, तिरकं अंतर येतं आणि उतार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. मोजणी गवत वाळल्यावर करा. कारवीच्या झुडपांत यंत्राच्या समोर धरायचं प्रिझमच दिसत नाही.

पट्टा मिळाल्यावर घर रेषांना समांतर, लांबट ठेवलं, रुंदी 6 मीटर. उतार न कापता खांबांवर उचललं. मागचे खांब दीड फुटाचे धरले, तर 1:6 च्या हिशेबाने पुढचे जवळजवळ पाच फुटांचे होतात, त्यांना तिरके आधार हवेतच. डोंगर कापून सपाट जागा करायचा मोह होतो. पण कापलेल्या कड्यामागे पाणी मुरतं, माती सैल होते आणि भिंतीमागचा दाब वाढतो. 30 जुलै 2014 ला दरड कोसळून माळीण गाव गाडलं गेलं, ते जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

हो, लाकूड राहिलंच. जुन्या वाड्यांचं सागवान घेतलं. आधी घराचा नकाशा काढून मग लाकूड शोधायला गेलात तर फसाल: तुळया दहा-बारा फुटांच्या मिळतात, म्हणून दोन खांबांमधलं अंतर नऊ फुटांवर आणा. जुने खिळे काढून मगच गिरणीत न्या. एक खिळा राहिला तर पातं जातं आणि गिरणीवाला पुढचं लाकूड घेत नाही.

खांबाचं बूड काँक्रीटवर थेट ठेवू नका. खालून ओल चढते आणि कूज तिथूनच सुरू होते. जस्त चढवलेला लोखंडी बूट घ्या, खांब जमिनीपासून निदान 15 सेंटीमीटर वर राहील असा आणि तळाला पाणी निघायला भोक असलेला. साध्या लोखंडी स्क्रूने सागवानावर काळे ओघळ येतात, स्टेनलेसचे वापरा. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूला छप्पर भिंतीच्या तीन फूट तरी बाहेर काढा.

आणि मोजणीवाल्याने कातळावर लाल रंगाने केलेली पातळीची खूण पावसाआधी पुन्हा रंगवा. ती पुसली की सगळ्या खांबांच्या उंच्या नव्याने काढाव्या लागतात.