विटकरी गोधडी: मधला झोळ एकदाचा जिरला

जिरला! विटकरी गोधडीच्या मधोमध आलेला जो फुगा गणपतीपासून मला छळत होता, तो काल पूर्ण बसला. फरशीवर अंथरून तळहात फिरवला, कुठेही अडला नाही. उलटी करून पाहिली, तिकडेही चुणी नाही. इतका आनंद झाला की हात धुऊन लगेच लिहायला बसले. झोळापाशी तुमच्यापैकीही बऱ्याच जणी अडलेल्या आहेत, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आधी मांडणी थोडक्यात सांगते. पाच फूट बाय साडेसहा फूट, वर विटकरी आणि मोतिया ठिगळं, आत आजीच्या नऊवारीचे दोन थर, खाली जुन्या सुती साडीचं अस्तर. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटरची. तिचे चार सारखे तुकडे करून दोन-दोन शेजारी जोडले की या मापाचे दोन थर आरामात निघतात. काठ मात्र मी आधीच सलग कापून ठेवले होते, ते आता कामाला येणार आहेत. बॅटिंग, म्हणजे थरांमध्ये घालायचा तयार मऊ भराव, नाही. ठाण्याच्या थंडीला चार सुती थर भरपूर होतात, आणि बाजारात मीटरवर मिळणाऱ्या पॉलिएस्टर बॅटिंगची गोधडी आपल्या हवेत अंगावर राहतच नाही, पहाटेपर्यंत पायाशी जाते.

आता झोळ. आपल्या पद्धतीप्रमाणे मी कडेपासून सुरुवात केली होती. बाहेरून आत, चौकटीत चौकट असा धावदोरा. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवत नेतात. हल्लीच्या क्विल्टिंगमध्ये याच्या बरोबर उलट शिकवतात: मधून सुरू करा आणि बाहेर या, म्हणजे सैल कापड कडेला निघून जाईल. त्यात तथ्य आहे. टाका घालताना वरचा थर बोटांबरोबर किंचित पुढे सरकतो आणि खालचा फरशीला धरून राहतो. एका ओळीत ते जाणवत नाही. पण चारी बाजूंनी ओळी आत येत गेल्या की सरकलेलं सगळं कापड मध्ये साठतं आणि तिथून त्याला वाट नसते. माझ्याकडे शेवटचा दोन फुटांचा चौकोन उरला तेव्हा तो पापडासारखा फुगून वर आला होता.

इथे एक तपासणी आवर्जून करा. फुगलेली जागा चिमटीत धरा. सगळे थर एकत्र वर आले तर घाबरायचं कारण नाही, शिवलेल्या भागात दोऱ्याने कापड आवळलं गेलंय इतकंच. मधला भाग शिवला की तोही तेवढाच आवळतो आणि गोधडी सरळ होते. पण चिमटीत एकटा वरचा थर आला तर तो खरा झोळ. माझ्याकडे एकटा वरचाच येत होता. वरची ठिगळं कोऱ्या पॉपलिनची, ताठ. आतली नऊवारी धुऊन धुऊन साय झालेली. दोघींचा स्वभावच वेगळा. शिवाय नऊवारीचे तुकडे मी आडवे लावलेत, त्यामुळे वरचा उभा धागा आणि आतला आडवा धागा एका दिशेला आलेत.

उसवणं हा सरळ उपाय होता. एका कोपऱ्यात वीतभर उसवून पाहिलं आणि तो भाग खिडकीशी धरला. जुन्या लुगड्यात सुईच्या प्रत्येक भोकातून उजेड येत होता, आणि एका ठिकाणी दोन भोकांमधला धागाच सुटला होता. इतकं जुनं कापड दुसऱ्यांदा सुई सोसणार नाही. मधलं ठिगळ कापून झोळ काढायचा आणि वर दुसरं ठिगळ बसवायचं, हाही विचार झाला. पण मधलं ठिगळ आजीच्या पोलक्याचं आहे, त्याला मी कात्री लावणार नाही.

वाट दाखवली ती शेजारच्या काकूंनी. त्या कोपरीत ब्लाउज शिवतात. त्यांनी चिमटीत कापड धरून पाहिलं आणि विचारलं, “अगं, बाही मुंढ्यापेक्षा मोठी असते, मग ती चुण्या न पडता बसते कशी?” मी म्हटलं, “काकू, तुम्ही वाटून घेता ना सगळीकडे.” “मग इथे पण वाट की!”

तर हे वाटप. दोन फुटांच्या चौकोनात टेप कापडाच्या चढउतारावरून धरली की साधारण पाऊण इंच जास्त भरत होता. आधी मधून एक उभी आणि एक आडवी ओळ लाल दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी घातली, दोन्हीकडे सारखं सैल ठेवून. मग प्रत्येक भागाचे पुन्हा निम्मे. झाले सहा-सहा इंचांचे चौकोन. पाऊण इंच चार भागांत वाटला गेला, म्हणजे सहा इंचांमागे दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दीड सूत धावदोरा सहज पोटात घेतो, फक्त टाका बारीक हवा आणि ओळी जवळ. बाहेर माझ्या ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर आहे, मध्ये ते त्याच्या पाऊणपट केलं, म्हणजे इंचाच्या तीन अष्टमांशाच्या आसपास. दर ओळीला डाव्या हाताच्या अंगठ्याने वरचं कापड मागे दाबून धरायचं, पुढे ढकलू द्यायचं नाही. सगळं झाल्यावर साध्या पाण्याचा हलका फवारा मारून पंख्याखाली सपाट वाळवलं. उरलीसुरली लाट तिथे गेली.

हवेनेही साथ दिली म्हणायची. परतीचा पाऊस दुपारी गडगडून जातो, पण सकाळचं ऊन कडक आहे. गच्चीत तासभर उन्हात टाकली की थरांमधला पावसाळी वास निघून जातो. ऑक्टोबरच्या उकाड्यात हाताच्या घामाने सुई अडते, त्यावर बोटांना चिमूटभर टाल्कम पावडर लावते.

दोऱ्याबद्दल सांगितलंच पाहिजे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘शंभर टक्के सुती’ म्हणून मागवलेलं रीळ पेटवून पाहिलं, तर दोरा वितळून त्याची कडक गोळी झाली. सुताची राख होते आणि जळालेल्या कागदाचा वास येतो. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी रीळ जांभळी नाक्याच्या बाजूलाच हातात घेऊन, दोरा ओढून बघून घेते, आणि मलमल हवी असेल तर सरळ मंगळदास मार्केट गाठते. दोऱ्यावरून मेण फिरवायचं मात्र विसरू नका, जुन्या कापडात गुंता बराच कमी होतो. सुई आखूड घ्या. लांब सुईने एकदम पाच-सहा टाके भरता येतात हे खरं, पण कापडही तेवढंच सरकतं.

आता कड. माझा बेत पॉपलिनच्या उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीचा होता, तो रद्द. या गोधडीच्या कडा सरळ आहेत, उरेब लागते ती गोल कोपऱ्यांना. सरळ कडेवर उरेब ताणली जाते आणि कड लाटालाटांची होते. त्यापेक्षा नऊवारीचा काठ! गोधडीचा घेर २७६ इंच आणि काठ सलग सव्वाआठ मीटर, म्हणजे ३२० इंचांच्या वर. एकही जोड न देता पूर्ण फेरा होऊन कोपऱ्यांनाही उरतो. शिवाय काठाची एक बाजू विणीचीच किनार आहे, तिचे दोरे निघत नाहीत. ती बाजू मागे न दुमडता तशीच तुरपता येईल, जाडी कमी होईल.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: मधल्या लाल कच्च्या टाक्यांची चौकडी काढूनच का टाकायची? त्याच रेषांवर दुहेरी मरून दोऱ्याने पक्के टाके घातले तर ती काठाशी जुळेल, आणि झोळ जिथे वाटला ती जागा नक्षी म्हणून दिसेल. हेच करणार.

फक्त मरून काठ रंग सोडतो. ओलं पांढरं फडकं ठेवून वरून इस्त्री दाबली, फडक्यावर गुलाबी डाग आला. शेजारी मोतिया ठिगळं आहेत, धोका नको. मीठ आणि व्हिनेगरने आधीच रंगवून आलेल्या कापडाचा सुटा रंग पक्का होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. म्हणून काठ गरम पाण्यात लिक्विड साबण घालून मोठ्या बादलीत मोकळा सोडलाय. साबणामुळे सुटलेला रंग पाण्यातच राहतो, परत कापडाला धरत नाही. पहिलं पाणी चांगलंच लाल निघालं, दुसरं फिकट. फडकं कोरं निघेपर्यंत शिलाई नाही.

तोवर कोपऱ्यांचं ठरवायचंय. कवंदीच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, तशी लावायची मला फार इच्छा आहे. पण ती काठाच्या आत दाबायची तर कोपऱ्याला आठ-नऊ पदर होतील आणि माझी आखूड सुई तिथून जायची नाही. काठ लावून झाल्यावर वरून तुरपली तर जमेल असं वाटतं. कोणी तसं केलं असेल तर धुतल्यावर फुलं टिकली का, ते नक्की कळवा. काठ वाळायच्या आत कळलं तर उत्तम.