सॅक कुठे ठेवू?

कॉलेजात दोन तऱ्हेची मुलं असतात. हॉस्टेलवाली आणि अप-डाऊनवाली. हुशार, उनाड, पहिल्या बाकावरची, शेवटच्या बाकावरची हे भेद त्यानंतरचे. हॉस्टेलवाल्याला मधला तास रिकामा मिळाला की तो खोलीवर जातो, पाय पसरतो, मोबाइल चार्जिंगला लावतो, जमलं तर डुलकीही काढतो. अप-डाऊनवाल्याचं कपाट, टेबल, औषधाचा डबा सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. घरून निघताना जे आठवलं ते आत. जे राहिलं ते उद्यापर्यंत राहिलंच.

मी सगळं शिक्षण अप-डाऊन करून पार पाडलं आणि आता नोकरीही एका कॉलेजात, अप-डाऊन करूनच करते. त्यामुळे कुठल्याही नव्या कॉलेजात गेले की माझी नजर भलत्याच ठिकाणी जाते. बाकीचे पाहुणे सभागृहातल्या मऊ खुर्च्या बघतात, प्रवेशद्वाराची कमान बघतात. मी बघते, कूलरच्या नळाखाली बाटली उभी राहते का.

हा नळ जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. कूलर बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पेला होता. नळ आणि खालची जाळी यांच्यात वीतभर अंतर. तेवढ्यात पेला छान मावतो. पण पेला घेऊन कोण येतं? येते लिटरची बाटली, आणि ती काही उभी मावत नाही. मग तिरकी धरायची. तिरकी धरली की पाऊण भरते आणि पुढचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत. काही हिकमती मुलं छोटी बाटली भरून मोठीत ओततात, तोवर मागची रांग सुस्कारे टाकते. बाकीचे पाऊण बाटलीवर दिवस काढतात. हल्ली काही ठिकाणी बाटलीसाठी वेगळा, उंचावर बसवलेला नळ दिसतो. तसा दिसला की मला त्या कॉलेजाबद्दल एकदम आदर वाटतो. तिथे निर्णय घेणाऱ्यांपैकी कुणीतरी एकदा तरी स्वतः बाटली भरलेली असणार.

दुसरी माझी परीक्षा स्वच्छतागृहाच्या दाराची. दाराच्या आतल्या बाजूला हुक आहे का? बहुतेक ठिकाणी तो असतो म्हणण्यापेक्षा होता. स्क्रूची दोन भोकं शिल्लक असतात आणि त्यांच्याभोवती गंजाची कड. खाली फरशी ओली, खिडकीची कड उतरती, आणि खांद्यावर लॅपटॉपसकट सगळा संसार. मुली जोडीनं का जातात यावर पुष्कळ विनोद झालेत. त्यामागचं एक कारण अगदी साधं आहे: सॅक धरायला माणूस लागतो. पाळीच्या दिवसांत तर हा हुक, आतली कचरापेटी आणि नळाला पाणी एवढ्यावर ठरतं की पोरगी शेवटच्या तासाला बसणार की घरची गाडी पकडणार. मंडळींना वाटतं, तिला विषयात रस नाही.

लॉकर ही यावरची सरळ तोड. ते जिथे आहेत तिथे बहुधा पहिल्या आठवड्यात हॉस्टेलवाल्यांनीच घेऊन टाकलेले असतात, कारण पहिल्या आठवड्यात रांगेत उभं राहायला वेळ त्यांच्याकडेच असतो. असो.

लायब्ररीत तर सॅकला प्रवेशच नाही. बाहेर प्रॉपर्टी काउंटर, तिथे सॅक द्यायची आणि भोक पाडलेलं, आकडा कोरलेलं टोकन घ्यायचं. नियम समजण्यासारखा आहे. पुस्तकांना पाय फुटतात हे मीही पाहिलंय. पण त्याआधीचा सोहळा बघा. वही काढा, पेन काढा, चार्जर काढा, चष्मा काढा, पैशाचं पाकीट काढा, आय-कार्ड काढा. मग हे सगळं छातीशी कवटाळून, टोकन दातात धरून कोपरानं दार ढकला. आत बसल्यावर आठवतं की कॅल्क्युलेटर सॅकमध्येच राहिला.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. मला पाचांत हेच सर्वांत जवळचं. ‘पुस्तकं वापरण्यासाठी असतात’ हे पहिलं सूत्र आता कुणी उघडपणे नाकारत नाही. चौथं मात्र रोज मोडलं जातं, आणि तेही अतिशय शिस्तीत. वाचकाला घड्याळ असतं, त्याची गाडी असते, हे काउंटरच्या आतल्या माणसाला माहीत नसतं असं नाही. पण वेळापत्रक त्या माणसाच्या सोयीनंही ठरलेलं नसतं. ते कधी ठरलं आणि कुणी ठरवलं, हेच कुणाला सांगता येत नाही.

रीडिंग रूममध्ये मुलं उजेड आणि वारा बघून जागा धरत असतील असं बांधणाऱ्यांना वाटलं असावं. मुलं सॉकेट बघून जागा धरतात. जुन्या इमारतींमध्ये सॉकेट खांबाला, तेही जमिनीपासून हातभर उंचीवर, कारण ते बसवले तेव्हा फार तर टेबलफॅन लावायचा होता. रोजच्या मुलांना कुठला चालू, कुठला मेलेला आणि कुठला दाबून धरला तरच चालतो हे पाठ असतं. आमच्याकडे एक असा सैल सॉकेट आहे की त्यात चार्जर टिकावा म्हणून खाली एका जाड कोशाचा टेकू दिलेला असतो. त्या खंडाला एवढा वाचकवर्ग आजवर मिळाला नसेल. युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथालयांत पुस्तकं चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांना फळीशी साखळीनं बांधून ठेवत; इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथेड्रलमध्ये तसं ग्रंथालय अजून बघायला मिळतं. आता पुस्तकं मोकळी आहेत आणि साखळी वाचकाला आहे, दीड हात लांबीची, पांढऱ्या वायरची.

आवारातली मला मनापासून आवडणारी सेवा म्हणजे झेरॉक्स. जिन्याखालची जागा, एक यंत्र, एक माणूस आणि त्याच्याभोवती डोक्यांचं कडं. या माणसाला जे माहीत असतं ते कार्यालयालाही नसतं. कोणत्या सरांच्या नोट्स कोणत्या फायलीत, गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका कुणी नेली, जर्नल तपासायची तारीख खरी कुठली आणि बोर्डावर लावलेली कुठली. हल्ली मुलं पानाचा फोटोच काढतात, तरी प्रोजेक्टच्या आदल्या दिवशी कडं जसंच्या तसं असतं.

आणि या यंत्राच्या जन्माची गोष्ट अप-डाऊनवाल्यांनी जरूर ऐकावी. चेस्टर कार्लसन न्यू यॉर्कमध्ये दिवसा एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरी करत आणि रात्री कायद्याच्या वर्गाला जात. कायद्याची पुस्तकं विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून सार्वजनिक ग्रंथालयात बसून हातानं पानंच्या पानं उतरवून काढत. त्यात संधिवातामुळे हे लिहिणं दुखणंच व्हायचं. ऑफिसातही पेटंटच्या प्रतींचा तुटवडा. दोन्हीकडून कंटाळलेल्या माणसानं डोकं चालवलं आणि २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यू यॉर्कच्याच ॲस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत पहिली प्रत निघाली. ऑटो कॉर्नाय नावाचे मदतनीस सोबतीला होते. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, तो रुमालानं घासून त्यावर विजेचा भार आणला, काचपट्टीवर शाईनं लिहिलेली तारीख आणि जागेचं नाव वर ठेवलं, दिव्याचा उजेड पाडला, बारीक पूड भुरभुरली आणि मेणकागदावर ठसा उचलला. बस, एवढंच. पुढे वीसएक कंपन्यांनी या कल्पनेला नकार दिला. हातानं लिहायला कार्बन पेपर असताना हे कुणाला हवंय, असं त्यांना वाटलं असणार.

दुकानात ठेवता येईल असं यंत्र यायला १९५९ उजाडलं. ९ बाय १४ इंचांपर्यंतचा कागद चालायचा म्हणून नाव ९१४, आणि वजन तीनशे किलोंच्या आसपास. पूड कागदावर पक्की बसावी म्हणून ती उष्णतेनं वितळवतात. आजही प्रत हातात येते तेव्हा गरम लागते ती त्यामुळेच. त्या पहिल्या यंत्रात कागद अडकला तर जळायचाही, म्हणून सोबत आग विझवायचं छोटं उपकरण देत. आमच्या जिन्याखालच्या यंत्रात कागद अडकला की आमचा माणूस झाकण उघडतो, फुंकर मारतो, एक ठोसा देतो, आणि यंत्र चालू होतं. पोटातून काढलेला चुरगळलेला कागद तो मांडीवर सपाट करून मागच्या बाजूला हिशेब मांडतो.

सोय म्हणजे काय, याचं माझं उत्तर एकच आहे: जिच्यामुळे माणसाची चक्कर वाचते ती सोय. अप-डाऊनवाल्याचं खरं दुःख गर्दी नाही, उभं राहणं नाही, लवकर उठणंही नाही. चक्कर वाया जाणं हे आहे. दोन गाड्या बदलून धापा टाकत यावं आणि वर्गाच्या दारावर चिकटपट्टीनं लावलेला कागद दिसावा, ‘आजचा तास होणार नाही’. दाखल्यासाठी खिडकीवर जावं तर खिडकीची वेळ आणि तासाची वेळ तंतोतंत एकच. तास बुडवून गेलं तर सही करणाऱ्या मॅडम मीटिंगला. हॉस्टेलवाला ‘नंतर येतो’ म्हणून जातो. त्याला नंतर असतं. अप-डाऊनवाल्याचं नंतर म्हणजे उद्या.

चक्कर वाचवण्यासाठी लोकांनी काय काय केलंय! केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक सामायिक भांडं असे. दुसऱ्या मजल्यांवरून माणसं जिने चढून यायची आणि भांडं रिकामं. १९९१ साली तिथल्या मंडळींनी भांड्यासमोर कॅमेराच लावला. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, काळं-पांढरं, पण कॉफी आहे की नाही एवढं आपल्या टेबलावरून कळायला पुरेसं. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर गेलं आणि ज्यांना त्या कॉफीचा घोटही मिळणार नव्हता असे जगभरचे लोक भांडं बघत बसले. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद केला. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शीतपेयाच्या यंत्राला तारा जोडल्या होत्या, कुठल्या खणातल्या बाटल्या गार झाल्यात ते संगणकावर दिसावं म्हणून. जगातला पहिला वेबकॅम आणि इंटरनेटला जोडलेल्या पहिल्यावहिल्या वस्तूंपैकी एक, दोन्हींच्या मागे कॉलेजातल्या माणसांचा जिने चढण्याचा कंटाळा आहे. मला हा कंटाळा फार आदरणीय वाटतो. त्याच्या एक दशांश आस्थेनं तास रद्द झाल्याची सूचना आदल्या रात्री ग्रुपवर टाकता आली तर केवढी माणसं झोपतील!

डबा कुठे खायचा हा प्रश्न मी मुद्दाम थोडक्यात उरकते, नाहीतर डोकं तापतं. कँटीनमध्ये पाटी, ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’. वर्गात शिपाईमामा हाकलतात, लायब्ररीत विचारायची सोय नाही. राहिला जिना. त्यामुळे कुठल्याही कॉलेजात दुपारी गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या शेवटच्या वळणावर अप-डाऊनवाल्यांची पंगत बसलेली असते, आणि आपापल्या गाव-गाडीप्रमाणे मैत्र्या तिथेच जुळतात. तेवढा फायदा पाटीच्या खात्यावर जमा करायला हवा.

आता शेवटचं, परतीचं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाची आवारं मॉर्गनटाऊन या डोंगराळ गावात इथेतिथे विखुरलेली. तास सुटला की मुलांच्या बसगाड्यांनी रस्ते तुंबायचे. त्यांनी स्वतःचा उंच मार्गच बांधला. १९७५ पासून त्यावर चालकाविना छोट्या गाड्या धावतात, स्थानकं पाच, एकेका गाडीत आसनं आठ. स्थानकावर कुठे जायचं ते बटण दाबून सांगायचं की मधली स्थानकं टाळून थेट तिथे. हे वाचलं तेव्हा मला त्या गाड्यांचं तंत्र कळलं नाही, पण ‘मधली स्थानकं टाळून’ हे शब्द मी दोनदा वाचले.

आमच्या कॉलेजातून स्टेशनपर्यंत जाणारी एक बस आहे. ती शेवटचं प्रॅक्टिकल संपायच्या दहा मिनिटं आधी सुटायची. प्रॅक्टिकलच्या वहीवर सही शेवटच्या दहा मिनिटांतच मिळते, त्यामुळे रोज निम्मी बॅच सहीविना पळे आणि निम्मी बसविना राही. मुलांनी अर्ज केला, सह्या गोळा केल्या, समिती बसली. समितीतले सगळे स्वतःच्या गाडीनं येणारे, तरी त्यांनी मन लावून विचार केला आणि बस वीस मिनिटं पुढे नेली. पहिला आठवडा आनंदात गेला. बस आता उशिरा सुटते हे लक्षात आल्यावर विभागानं प्रॅक्टिकलची वेळ अर्ध्या तासानं वाढवली. नवा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. खाली सह्यांना जागा कमी पडली म्हणून मागून एक झेरॉक्स पान जोडलंय, आणि त्यावर सही करायला मुलं अजून येताहेत, एका हातात पेन, दुसऱ्या हातानं सॅक सावरत.