पेवाचा उभा छेद

बंगल्यांचे, प्लॉटचे आणि केळीच्या शीतगृहांचे नकाशे काढून माझं पोट चालतं. भुसावळला एका सर्व्हेअरच्या ऑफिसात मी आरेखक आहे. इटली म्हटलं की लोकांना पिझ्झा आठवतो, मला मात्र छेद आठवतात, म्हणजे जागा मधोमध कापल्यासारखी आतून दाखवणारे नकाशे. तिथली गुहा धुंडाळणारी मंडळी जमिनीखालच्या पोकळ्यांचे इतके देखणे उभे-आडवे छेद काढतात की बघत बसावं. शिवाय ही मंडळी बहुतेक हौशी आहेत. आठवडाभर नोकरी करायची आणि रविवारी हेल्मेट घालून कुणाच्या तरी विहिरीत उतरायचं.

त्यांची राष्ट्रीय संस्था, सोसिएता स्पेलेओलोजिका इतालियाना, १९५० ची. आधी लक्ष नैसर्गिक गुहांकडे होतं. पण त्या देशात गावंच्या गावं मऊ दगडावर बसलेली. माणसाने खाली पोखरून ठेवलेलं इतकं निघालं, की १९८१ मध्ये मानवनिर्मित पोकळ्यांसाठी वेगळा राष्ट्रीय आयोग करावा लागला. त्यांनी या पोकळ्यांचे सात वर्ग पाडलेत: पाण्याची कामं, राहण्या-साठवण्याच्या जागा, देवाधर्माच्या, लढाईच्या, खाणी, ये-जा करायचे मार्ग आणि उरलेलं सगळं. सापडलेल्या प्रत्येक जागेला वर्ग मिळतो, नकाशा होतो आणि नोंदवहीत क्रमांक पडतो.

आपल्याकडे काय होतं? प्रत्येक गढीतून एक भुयार निघतं आणि ते नदीपलीकडच्या देवळात उघडतं. त्यातून घोडेस्वार जाऊ शकतो. सांगणाऱ्याच्या आजोबांनी ते पाहिलेलं असतं, सांगणाऱ्याने नाही. या गोष्टी मला आवडतात, पण त्यांचा नकाशा काढता येत नाही.

नेपल्सचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे खाली पिवळा टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड आहे. घर बांधायचं तर खालूनच दगड कापायचा आणि वर चढवायचा. खाली झालेल्या खड्ड्याला गिलावा केला की पाण्याची टाकी तयार. ह्या टाक्या एकमेकींना जोडलेल्या, आणि त्या साफ ठेवणारे विहीरवाले घराघराच्या विहिरींतून चढत-उतरत. १८८४ च्या पटकीनंतर नळाचं पाणी आलं आणि टाक्या बंद पडल्या. मग दुसरं महायुद्ध आलं आणि त्याच टाक्यांमध्ये लोक बॉम्बपासून लपले. खाण, टाकी, आसरा: एकाच पोकळीला सातांतले तीन वर्ग लागतात. तिथल्याच एका बोगद्याची कथा आणखी मजेची. १८५३ मध्ये राजा फर्दिनांद दुसरा याने राजवाड्यापासून सैन्याला वाट म्हणून तो खोदायला लावला, काम अर्धवट राहिलं, युद्धात लोक त्यात राहिले आणि पुढे जप्त केलेल्या गाड्या ठेवायला तो वापरला गेला. गंजलेल्या गाड्या आणि स्कूटर अजून आत आहेत.

हे सगळं वाचता वाचता मला माहेरचं पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार, आठवलं.

माहेर अमळनेरकडचं. गावठाण पांढरीच्या टेकाडावर, आणि पेव त्या पांढऱ्या मातीतच खोदलेलं, आमच्या खळ्यात. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मोठं. आतून शेणामातीने लिपायचं, तळाला आणि कडेला कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवून मातीने बंद करायचं. आतलं धान्य आणि किडे श्वास घेऊन घेऊन प्राणवायू संपवतात, किडे मरतात आणि ज्वारी टिकते. पण त्याच कारणाने उघडलेल्या पेवात लगेच उतरलेली माणसं मेलेली आहेत. कार्बन डायऑक्साइड जड, तो तळाशी बसतो. जुनी माणसं तोंड उघडून ठेवायची आणि आधी कंदील सोडून बघायची.

इटलीच्या दक्षिणेला पुलिया प्रांतात चेरिन्योला नावाचं गाव आहे. तिथे एका मैदानात जमिनीखाली सहाशेच्या आसपास धान्याची पेवं आहेत. तोंडावर फळ्या, त्यांवर मातीचा ढीग, आणि शेजारी एक दगड उभा. दगडावर क्रमांक आणि मालकाच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली. फोटो बघितला आणि मला हेवा वाटला. आमच्याकडे पेव कुठे आहे हे फक्त आजीला माहीत होतं: उंबऱ्यापासून इतकी पावलं, कडूनिंबाच्या रेषेत. आजी गेली, कडूनिंब तोडला. मग एका पावसाळ्यात शेजारच्या खळ्यात ट्रॉलीचं चाक आख्खं खाली गेलं, तेव्हा त्यांना त्यांचं पेव सापडलं. रोममध्येही हेच होतं. बांधकामासाठी पोझोलाना, म्हणजे ज्वालामुखीची राख, काढलेल्या जुन्या खाणी शहराखाली विसरून गेल्या आणि अधूनमधून रस्ता खचतो. नोंदवही ठेवायचं एक मोठं कारण हेच आहे, नुसती हौस नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी आमचं पेव शोधून काढलं. पहारीने ठोकत गेले तेव्हा एका जागी आवाज बदलला. फरशी काढून ते उघडं ठेवलं, फवारणीच्या ब्लोअरने हवा मारली आणि ओळखीच्या केळी पिकवण केंद्रातून प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र मागून आणलं. ते दोरीने तळापर्यंत सोडून आकडे नीट आल्यावरच उतरले, कमरेला दोर आणि वर दोन माणसं ठेवून. नुसत्या कंदिलावर विसंबायला मी तयार नव्हते.

मोजायची पद्धत इटलीवाल्यांचीच: मध्ये एक ओळंबा, दर फुटावर भिंतीपर्यंतची चारी दिशांची अंतरं लेझरने, आणि भिंतीवर दिसेल त्याची टिपणं. त्यांच्या बोगद्यांमध्ये टिकावाच्या घावांवरून खोदणारा कुठून कुठे गेला ते कळतं, दिवा ठेवायचे कोनाडेही नकाशात येतात. आमच्या पेवात लिंपण पडलं होतं तिथे कुदळीचे तिरके घाव दिसले, सगळे वरून खाली. एका बाजूला पायाचा अंगठा रुतेल अशा खोबण्या होत्या. त्यांच्यावरच चढ-उतर होत असणार.

वर आबा, म्हणजे माझे काका, तोंडाशी बसलेले. "काय मोजी ऱ्हायनी व माय? आते कोन भरस त्यामा जवारी?"

"कोनी नई आबा. पन कागदवर ते ऱ्हाई."

खोली ११ फूट, पोटाचा व्यास ७, तोंड २. हिशेब केला तर ४५ ते ५० क्विंटल ज्वारी बसेल. आकार असा गोलसर आणि नेमका, की ज्याने तो बिनकागदाचा खोदला त्याच्याबद्दल मला व्यावसायिक मत्सर वाटला.

आपल्याकडे पेवांपलीकडेही बरंच आहे, आणि काही तर थेट इटलीच्या नात्यातलं. भुसावळहून रेल्वेने रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर, फारुकींच्या खानदेशची जुनी राजधानी, आता मध्य प्रदेशात. तिथला कुंडी भंडारा १६१५ चा, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचं, उताराने शहरात आणायचं, आणि वर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या. ८० फूट खाली लिफ्टने उतरता येतं. भिंतींवर चुन्याचा थर साचून बोगदा अरुंद झालाय. ही इराणी कनातची रीत. सिसिलीत पालेर्मो शहराखालीही कनात आहेत, अरबांच्या वारशातले, आणि तिथे रबरी बूट घालून गुहावालेच लोकांना आत फिरवतात. पालेर्मो आणि बऱ्हाणपूर, दोघांचा गुरू एकच. वर केळीला बोअर मारमारून आपण पाणी कुठे नेलंय, ते त्या कुंड्यांमध्ये वाकून बघितलं की कळतं. त्यावर वेगळं लिहीन.

तर पेवाचा छेद मी नीट शाईत काढला, वर्ग "साठवण" लिहिला, क्रमांक १ दिला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. तिथे घोळ झाला. चुलतभावांची खळ्याची वाटणी चालू आहे. नकाशावर नकाशा ठेवला तर पेवाचं तोंड थोरल्याच्या हिश्शात येतं आणि पोटाचा बराचसा भाग धाकट्याच्या. थोरला म्हणतो तोंड ज्याचं पेव त्याचं. धाकटा म्हणतो मग मी माझ्या बाजूने भराव टाकतो. ज्या पेवाला इतकी वर्षं कुणी विचारलं नाही त्यासाठी आता मोजणीवाला बोलवायचं घाटतंय, आणि आबांचं म्हणणं असं की तो नकाशा मी काढायलाच नको होता.