टेबलावरचं त्यांच्याकडे, बाकीचं आपल्याकडे

मी निपाणीचा. उमर तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून गेली आणि आता छातीवर मधोमध उभा व्रण आहे. त्यामुळं चिकोडी, खानापूर, अगदी अथणीकडनंही फोन येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: "काका, बायपासची तारीख मिळालीय. लई भीती वाटते. तुम्ही काय केलंत?"

भीती घालवायचं औषध माझ्याकडं नाही. आदल्या रात्री मीही भ्यालो होतो, आणि त्यानं काही बिघडलं नाही. पण बहुतेकांची भीती नको त्या जागी अडकलेली असते, हे मात्र मी ठासून सांगतो. छाती उघडणार, हृदयाला हात लावणार, याच्या पुढं मन जातच नाही. त्या तासांत तुम्हाला काही करायचं नसतं, कळायचंही नसतं. करणाऱ्यांचा तो रोजचा धंदा आहे. पायाची शीर काढून तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालायची पद्धत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननं १९६७ मध्ये अमेरिकेत, क्लीव्हलँडला रुळवली. आपल्या देशात डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये चेन्नईत पहिली बायपास केली. आमच्या तरुणपणी हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की मुंबई गाठायची, ती आता बेळगावात होते. धोका अजिबात नसतो असं कुणी म्हणणार नाही. तुमच्यापुरता तो किती, हे सर्जनला सरळ आकड्यात विचारा. वय, साखर, किडनी, हृदयाची पंपिंगची ताकद बघून ते सांगतील. शेजाऱ्याच्या मेव्हण्याचं काय झालं, याचा त्या हिशेबात संबंध येत नाही.

आता आपल्या हातातलं बोलू.

पहिला आमच्या गावाचाच माल. विडी, सिगारेट, गालात धरायची तंबाखू, सगळं आजपासून बंद. तारखेला महिना असेल तर महिनाभर फुफ्फुसं साफ होत राहतात आणि ऑपरेशननंतर कफ कमी त्रास देतो. दोनच दिवस उरले असतील तरी बंद करा, कारण धुरातला विषारी वायू दिवसाभरात रक्तातून बराच उतरतो. बायकांनी मिश्री लपवू नये. सिस्टर विचारते "तंबाखू खाता का?" आणि आमच्याकडच्या आज्ज्या बिनदिक्कत "नाही" म्हणतात, कारण मिश्री म्हणजे त्यांच्या लेखी दात घासणं. सुनेनं तिथं उभं राहून खरं सांगावं, मग सासू चार दिवस बोलली नाही तरी चालेल.

तसंच गोळ्यांचं. रक्त पातळ करणारी एखादी गोळी ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवतात, एखादी चालूच ठेवतात. कुठली ते डॉक्टरांनीच सांगायचं. आपल्या मनानं काही थांबवायचं नाही आणि वैद्याची पुडी चालू असेल तर तीही दाखवायची. किडका दात असेल तर तोही आधी सांगा. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात.

मग ते तीन गोळ्यांचं खेळणं. प्लास्टिकच्या डबीत तीन रंगीत गोळ्या आणि एक नळी. जो तो पहिल्यांदा त्यात फुंकर मारतो. फुंकायचं नसतं, श्वास सावकाश आत ओढून गोळ्या वर धरायच्या असतात. डबी आधीच मागून घ्या आणि घरी सराव करा, कारण ऑपरेशननंतर छाती दुखत असताना नवीन काही शिकायला मन तयार नसतं. खोकायचंही शिकून घ्या: उशी छातीशी घट्ट धरायची आणि खोलातनं खोकायचं. मला आठवतं ते हेच, कानडी सिस्टरचं "अज्जार, केम्मरी! जोरा केम्मरी!", म्हणजे आजोबा, खोका, जोरात खोका! मी चिडायचो आणि ती हसायची. पण कफ आत साचला की न्यूमोनिया, म्हणून तिचंच ऐकायचं.

पैशाचं थोडक्यात. दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधीच तिथं जा. कर्नाटकच्या आयुष्मान योजनेत बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि त्यावर दोन सरकारांचं वाजलं. तुमचं गाव आणि तुमचा दवाखाना कशात बसतो, ते टेबलावरच विचारा, चहाच्या गाड्यावर नको. संमतीचा कागद कानडीत किंवा इंग्रजीत असला तर मराठीत समजावून मागा आणि मगच सही करा. तो आपला हक्क आहे, त्यात लाजायचं काय?

जागे व्हाल तेव्हा घशात नळी असेल आणि बोलता येणार नाही. हात हलकेच बांधलेले असतील, झोपेत नळी ओढू नये म्हणून. हे आधी माहीत नसलं की माणूस घाबरून धडपडतो. माहीत असलं की मान हलवून "बरं आहे" सांगतो आणि नळी निघायची वाट बघतो. आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही. वयस्कर माणसं तिथं कधी कधी असंबद्ध बोलतात, घरच्यांना ओळखत नाहीत. ते बहुधा थोड्या दिवसांत निवळतं. घरच्यांनी रडू नये, सिस्टरला सांगावं आणि पेशंटला चष्मा, कानाचं मशीन आणून द्यावं.

घरी आल्यावरचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. छातीपेक्षा शीर काढलेला पाय जास्त छळतो, सुजतो. तोंडाला चव नसते. आणि उगीच रडू येतं. वखारीत हमालांवर ओरडणारा मी, बातम्या ऐकताना डोळे पुसायचो. बायकोला वाटलं, याच्या डोक्यावर काही परिणाम झाला. हे पुष्कळांना होतं आणि ओसरतं. आठवडे गेले तरी हटलं नाही तर डॉक्टरांना सांगायचं.

छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं. ते सांधायला दीड-दोन महिने तरी जातात, पुरतं घट्ट व्हायला आणखी. तोवर घागर, गॅसची टाकी, नातवंड काही उचलायचं नाही, मोटारसायकल चालवायची नाही, एसटीच्या दांड्याला लोंबकळायचं नाही. उठताना हातावर जोर न देता कुशीवर वळून उठायचं. ताप आला, जखमेतून पाणी आलं, हाडात कट्‌कट् वाजलं, दम लागला किंवा दोन दिवसांत वजन भराभर वाढलं, तर सोमवारची वाट बघू नका.

आणि पाहुणे! आपल्याकडं आजाऱ्याला बघायला टेम्पो भरून गाव येतं, हातात बेळगावचा कुंदा, तोंडात अमक्याच्या मरणाची हकिकत. प्रेम असतं त्यांचं, पण जंतूही असतात. घरातलं एक तोंडानं फटकळ माणूस दारात बसवा. आमच्याकडं थोरली वहिनी बसली होती. कुंदा ठेवून घ्यायची आणि माणूस परत पाठवायची.

"तंबाखू परत कधी सुरू करू?" असं विचारणारेही आहेत. नवीन नळ्याही त्यानं तुंबतात, म्हणून कधीच नाही. बायपासनं वाट नवीन मिळते, आजार तसाच राहतो, आणि गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात.

तुमची तारीख ठरली की फोन करा. घरचं माणूस शेजारी बसवून करा, यातलं निम्मं त्यांनाच करायचं आहे.